दोन पदरी वायर

विजयाला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी मुलगी झाली, ते हे वर्ष. पांढुर्णा जिल्हा होऊन वर्ष भरत आलं होतं, पण सौंसरची माणसं पत्ता सांगताना अजून छिंदवाडाच सांगून जात. श्रावण चालू होता. विजयाची आई कलाबाई बाळंतिणीपाशी लोधीखेड्याला जाऊन राहिली होती आणि सौंसरच्या घरात तिचा नवरा यशवंतराव, मुलगा गौतम आणि सून अश्विनी असे तिघंच होते. त्या सकाळी यशवंतरावांच्या हाताला करंट लागला. मोठा नव्हता. गाण्याच्या जुन्या मशीनची तार बोटांत धरून ते नव्या मशीनच्या मागं वाकले होते. मनगट नव्या मशीनच्या पत्र्याला टेकलं आणि मुंगी चावून कोपरापर्यंत पळत जावी तसं काहीतरी हातातून गेलं. ‘आय वं!’ ते ओरडले. चांगले मोठ्यानं, चिरक्या आवाजात ओरडले, कारण स्वयंपाकघरात पोळ्या करणारी अश्विनी लाटणं हातात घेऊनच दारात आली. पण खाटेवर, उशीला टेकून बसलेला गौतम खिडकीतून बाहेर पाहत होता, तो पाहतच राहिला.

‘काय झालं मामाजी?’

‘काही नाही वं. करंट मारला जरासा. जुन्या मशीनची पिन काढाची राह्यली.’

‘मंग काढा न आधी! घरात एक बिमार आहे तेवढा पुरे.’

ती दारात हललेली दिसली तेव्हा गौतमनं मान वळवली. ‘काय म्हणते ही?’ त्यानं विचारलं. यशवंतरावांनी हात झटकला, हसले आणि पिन काढली. करंट कधीच उतरून गेला होता, पण दुसरं काहीतरी त्याच वाटेनं वर चढत होतं आणि ते कोपरापाशी थांबलं नाही. पोरगं हाताच्या अंतरावर होतं. त्यानं बापाची हाक ऐकली नाही. विचारात असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. बिमार माणूस विचारात असतो. आणि मग तेही विचारात गेले, कारण मशीनच्या मागं वाकलं की त्यांना नत्थूजी आठवायचा. रामाकोन्याच्या नत्थूजीकडे लाउडस्पीकर होता, त्या सगळ्या भागात पहिला. यशवंतराव नगरपालिकेत पंपावर लागण्याआधीची कितीतरी वर्षं त्याच्याबरोबर बंडीवर भोंगे बांधत फिरले. नत्थूजीची मशीन व्हॉल्व्हची होती. काचेच्या नळ्या लाल व्हायच्या, आणि मशीन बंद केली तरी तिच्या पोटात करंट दबा धरून बसायचा. ‘एक हात पाठीमागं धरत जा बे,’ नत्थूजी म्हणायचा. ‘एका हातानं शिवलं तर झटका. दोन हातानं शिवलं तर वस्तीत जेवण.’ तो स्वतः डावा हात धोतराच्या सोग्यात खोचूनच मशीन उघडायचा, आणि लोकांना वाटायचं त्याचा तो हात लुळा आहे. एकदा तर सावरगावच्या एका बाईनं त्याला पोरगी द्यायला नकार दिला, म्हणे एकहाती माणूस.

आता पुढ्यात होती ती मशीनही व्हॉल्व्हचीच, पण तिला नत्थूजीच्या मशीनची पणती म्हणावी लागली असती. गौतमनं ती पुण्याच्या एका कारागिराला बनवायला सांगितली होती. तेव्हा तो नागपुरात होता, चांगल्या नोकरीत होता, त्याच्या पोटात काही आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. तो कारागीर एकेक मशीन हातानं बनवायचा, त्यामुळं उशीर झाला. मधल्या काळात गौतमचं ऑपरेशन झालं, सलाईनमधून ती जाळत जाणारी औषधं झाली, केस गेले, नोकरीवरून लांब रजा झाली, आणि शेवटी डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं तसं अश्विनीनं नागपूरची खोली सोडली. खोक्यांत भरून सामान आलं त्यात त्याचा सगळा गाण्याचा संसार आला. लाकडाचे दोन उंच डबे, ज्यांना तो स्पीकर म्हणायचा आणि यशवंतराव डबेच म्हणायचे, सीडीची मशीन, आवाज कमी-जास्त करायची जुनी मशीन. सगळं पुढच्या खोलीत मांडून झालं, आणि काल ही आली, मांडवाच्या दगडासारखी जड. कुरिअरवाला आणि यशवंतराव दोघांनी मिळून आत आणली. गौतमनं खाटेवरूनच खोकं उघडायला लावलं. नळ्या वेगळ्या कापसात गुंडाळल्या होत्या. त्या एकेक हातात घेऊन तो उजेडाकडे धरून पाहत होता, जसं पारखी माणूस संत्रं पाहतो. त्याच्या हाताची कातडी काळी पडली होती आणि नखं पांढरी.

‘बाबा, मले नाही उठता येत,’ तो म्हणाला. ‘तुम्हीच जोडा. मी सांगतो.’

‘तू मले सांगशील? मी व्हॉल्व्हच्या मशीनी जोडून राहिलो तेव्हा तू जलमला नव्हता.’

‘हे भोंगे नाही बाबा.’

‘मशीन ते मशीन. पहिले भार लावाचा, मंग लाइट द्यायची. डबे जोडल्याबिगर चालू केली का ट्रान्सफॉर्मर गेला. सांग, चुकलो का?’

गौतम हसला. खूप दिवसांनी हसला. ‘नाही चुकले,’ तो म्हणाला. ‘डबे मागं आठ लिहिलं आहे तिथं जोडा. चारवर नको. जुन्या मशीनच्या मागं शेवटची दोन भोकं आहे, तिथून नव्या मशीनले पातळ तार. जुनी फक्त आवाज कमी-जास्त करंल, जोर ही लावंल.’

तसं त्यांनी केलं. फक्त एक झालं. नवी मशीन जुन्याच्या जागी मावेना, ती दाराजवळच्या टेबलावर ठेवावी लागली आणि डब्यांच्या तारा तिथपर्यंत पोचल्या नाहीत. गौतमच्या तारा चांगल्या होत्या, आरपार दिसणाऱ्या, एक पदर तांब्याचा आणि एक चांदीसारखा. यशवंतरावांनी माळ्यावरून आपली वायर काढली. भोंग्याच्या काळातली, पीळ दिलेली दोन पदरी वायर, दोन्ही पदर सारखेच पिवळे, आता मातकट झालेले. दातानं सोलली, तोंडात तीच जुनी रबराची चव आली. या वायरीचा कोणता पदर कुठं जातो हे भोंगेवाल्यानं कधी पाहिलं नाही. पाहायचं कारणच नव्हतं. एक भोंगा नदीकडे तोंड करून, एक बसस्टँडकडे. दोघांची एकमेकांशी भेट नाही. आवाज गावभर गेला म्हणजे झालं.

जेवणं झाल्यावर मशीन चालू केली. नळ्या हळूहळू पेटल्या, आधी तांबूस, मग नारिंगी. अश्विनी हात पुसत येऊन उभी राहिली. गौतमनं सीडी निवडून ठेवली होती, जुनी भीमगीतं, ढोलकी आणि पेटीवरची, त्याच्या लहानपणी वस्तीत वाजायची ती. गाणं सुरू झालं, अश्विनी हातावर ताल धरू लागली. यशवंतरावांनी डोळे मिटले, कारण गाणं ऐकताना डोळे मिटायला त्यांना गौतमनंच शिकवलं होतं. नागपूरच्या खोलीत पहिल्यांदा गेले तेव्हा त्यानं दोन डब्यांच्या मधोमध खुर्ची ठेवून त्यांना बसवलं होतं. ‘डोळे मिटा आणि सांगा, गाणारा कुठं उभा आहे?’ त्यांनी बोट दाखवलं. डोळे उघडले तर बोट भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होतं, जिथं डबा नव्हता, काहीच नव्हतं. ते घाबरलेच. आयुष्यभर आवाज भोंग्यातून येताना पाहिलेला माणूस, त्याला आवाज रिकाम्या जागेतून आला. मग गौतमनं गंमत म्हणून एका डब्याच्या तारा उलट्या केल्या. गाणारा नाहीसा झाला. आवाज होता, पण कुठून येतो ते कळेना. कानांच्या मागं कुठंतरी पसरला आणि ढोलकीचा जाड बोल तर विरून गेला. ‘एक डबा ढकलते तेव्हा दुसरा ओढते,’ गौतम म्हणाला होता. ‘मग जाड आवाज मधातच मरून जाते. बारीक तेवढा उरते.’

आता सौंसरच्या खोलीत त्यांनी डोळे मिटले आणि गाणारा कुठंच नव्हता. भिंतीत शिरला होता. पेटी चिरकत होती, टाळ्या वाजत होत्या, ढोलकीची नुसती टिकटिक ऐकू येत होती. उलटी लागली. त्यांना लगेच कळलं, एका डब्याची उलटी लागली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. आता तो म्हणेल. गौतमच्या कानाला एवढी चूक म्हणजे डोळ्यात खडा. नागपूरला तर एकदा वायर नुसती सैल झाली होती तर तो जेवता जेवता उठला होता. आता म्हणेल, काय बाबा, भोंगेवालेच राहिले तुम्ही. त्यांनी उत्तरही तयार केलं, की बुढ्ढा झालो बाबू. गाणं संपत आलं. त्यांनी डोळे उघडले. गौतम समोर पाहत होता, मान हलवत होता, गाण्याच्या ठेक्यात नाही, ठेक्याच्या थोडी मागं, जशी अश्विनीच्या हातावरच्या तालाकडे पाहून हलवावी.

‘बरोबर आहे बाबा,’ तो म्हणाला. ‘एकदम बरोबर.’

त्या शब्दांचं काय करावं हे यशवंतरावांना पुढं कितीतरी दिवस कळलं नाही. पंपावरच्या नोकरीत त्यांना एक सवय लागली होती, पाण्याच्या आवाजावरून नळात कुठं हवा आहे ते ओळखायची; तसे ते आता पोराकडे कान लावून बसले. तो खोटं बोलला का? बापाचं मन मोडू नये म्हणून? तर मग तो दया करून राहिला, आणि मरणाच्या वाटेवरच्या पोरानं बापावर दया करावी यापेक्षा वाईट काय असतं. का त्याला ऐकूच आलं नाही? हा विचार आला की ते उठून अंगणात जात आणि उगाच सीताफळाच्या झाडाखालची पानं गोळा करत. तार उलटी करायला एक मिनिटही लागलं नसतं. पण तार उलटी केली की त्याला विचारावं लागलं असतं, आता कसं वाटते? आणि तो म्हणाला असता, तेव्हाही बरोबरच होतं. मग काय? किंवा त्यानं विचारलं असतं, बाबा, तुम्ही काय करून राहिले? मग सांगावं लागलं असतं की चूक होती, तुला कळली नाही. तुला कळली नाही, हे तीन शब्द पोराला कसे सांगायचे? त्याच्याजवळ आता काय उरलं होतं? पाय उरले नव्हते, भूक उरली नव्हती. कान तेवढे होते असं समजून तो दिवस काढत असेल. रोज दुपारी अश्विनी सीडी लावायची, गौतम मान हलवायचा, आणि यशवंतराव भिंतीतल्या गाणाऱ्याचं गाणं चोरासारखं ऐकायचे. त्यांना नत्थूजीच्या बंडीवरची एक रात्र आठवायची. चौदा एप्रिलची मिरवणूक वरच्या मोहल्ल्यापाशी आली तेव्हा तिथली मंडळी आडवी झाली की भोंगा बंद करा, मग पुढं जा. नत्थूजीनं भोंगा बंद केला नाही आणि मोठाही केला नाही. त्यानं भोंग्याचं तोंड तेवढं आपल्या लोकांकडे फिरवलं. कुणी त्याला भित्रा म्हणालं, कुणी शहाणा. यशवंतरावांनी तेव्हा ठरवलं होतं की आपण असं करणार नाही, जे असेल ते तोंडावर सांगू. आणि आता आपल्याच घरात ते भोंग्याचं तोंड फिरवून बसले होते.

कलाबाई लोधीखेड्याहून आली ती दारातूनच बोलत आली. नातीचे डोळे कसे, नाक कसं, विजयाच्या सासूनं डिंकाचे लाडू कसे जाळले. मग तिनं पुढच्या खोलीतली मशीन पाहिली.

‘हे काय? बिमार पोराच्या उशापाशी भट्टी लावून ठेवली?’

‘मशीन आहे वं. गौतमची.’

‘पाहून राहिली न मी. याच्या बापानं जवानी भोंग्यात घातली, आता पोरगं शेगडीत गाणं शिजवून राहिलं. खिचडी तरी ठेव म्हणा वरतं.’

गौतम हसला. पण त्यानं आधी आईच्या ओठांकडे पाहिलं आणि मग हसला, आणि हे यशवंतरावांनी पाहिलं. कलाबाईनंही पाहिलं असावं. ती त्याच्या पायाशी बसली आणि त्याचे तळवे चोळू लागली, लहानपणी चोळायची तसे. थंडीच्या दिवसांत नत्थूजीची मशीन दुरुस्तीला घरी असायची तेव्हा ती गौतमला तिच्याजवळच निजवायची, ऊब राहते म्हणून. यशवंतराव रागवायचे. ती म्हणायची, माही सवत आहे, निदान पोराले ऊब तरी देऊ द्या.

पोळ्याच्या आदल्या दिवशी यशवंतराव स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. अश्विनी एकटीच होती. कुकरची शिट्टी झाली, लांब, कानठळ्या बसवणारी, आणि पुढच्या खोलीत गौतमची पापणीही हलली नाही. दारातून दिसत होतं.

‘अश्विनी,’ ते म्हणाले. ‘त्याले शिट्टी ऐकू येत नाही.’

ती कुकरकडे पाहत राहिली. ‘नाही येत मामाजी. सलाईन चालू होती तेव्हाच बारीक आवाज गेले. फोनची घंटी, पाखरं, शिट्टी. डॉक्टर आधीच म्हणले होते, औषधानं असं होते.’

‘आन् बोलणं?’

‘तुमचं समजते, तुमचा आवाज जाड आहे. माझं अर्धं जाते, तोंड पाहून भागवते. रस्त्यानं ट्रक गेला का मलेच सांगते, ट्रक गेला म्हणून. जाड तेवढं राह्यलं आहे.’

‘मले काहून नाही सांगितलं?’

‘त्यायनंच मना केलं होतं. म्हणे, बाबा मशीन जोडून राहिले. किती वर्षांनी असे खूश दिसून राहिले. जोडू दे त्यायले.’

यशवंतरावांनी पेला खाली ठेवला. तो नीट ठेवला गेला नाही, कलंडला, पाणी ओट्यावरून खाली ठिबकू लागलं. जाड तेवढं राह्यलं आहे. एक डबा ढकलते, दुसरा ओढते, जाड आवाज मधातच मरून जाते. म्हणजे त्याच्या ताटात जो एक घास उरला होता तोच आपण काढून घेतला. बारीक त्याला ऐकू येत नाही, जाड आपण मारून टाकला. म्हणजे रोज दुपारी तो पेटलेल्या नळ्यांसमोर बसून काय ऐकत होता? काहीच नाही. अश्विनीच्या हाताकडे पाहून मान हलवत होता. आणि आपण त्याला वाचवत होतो, न सांगून. एवढे दिवस. त्यांना ओरडावंसं वाटलं, पण घरात ओरडून उपयोग कुणाला होता?

ते बाहेर आले आणि सरळ मशीनपाशी गेले. नळ्या थंड होत्या, सकाळपासून मशीन बंद होती. तरी डावा हात त्यांनी पाठीमागं धरला आणि उजव्या हातानं डाव्या डब्यामागची दोन्ही टोकं सोडली. एका हातानं ते काम होईना. शेवटी दुसराही हात पुढं आणला आणि पदर अदलाबदल करून पक्के पिळले.

‘काय करून राहिले बाबा?’

‘धूळ पुसून राहिलो,’ ते मोठ्यानं, जाड आवाजात म्हणाले.

मशीन तापेपर्यंत ते उभेच राहिले. सीडी घातली. तेच गाणं. ढोलकीची पहिली थाप पडली ती त्यांच्या तळपायांखालून आली, फरशीतून, खाटेच्या पायांतून, आणि गाणारा भिंतीतून निघून दोन डब्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. ते पोराकडे पाहत होते. गौतमची मान हलत नव्हती. त्याचा हात खाटेच्या लाकडी पाटीवर होता, तो त्यानं आधी दाबून धरला, जसं काही हाताखालून निघून जाईल, आणि मग त्याची बोटं वाजू लागली. अश्विनी खोलीत नव्हती. पाहायला कुणाचा हात नव्हता. बोटं ठेक्यावर पडत होती, बरोबर ठेक्यावर, मागं नाही, पुढं नाही. गाणं पुरं होईपर्यंत ती थांबली नाहीत.

‘उलटी होती,’ मग तो म्हणाला.

‘हो.’

‘कधीपासून?’

‘पहिल्या दिवसापासून. माह्या वायरीले दोन्ही पदर पिवळेच. भोंग्याची सवय.’

गौतमनं डोळे मिटले. ‘मले वाटलं, ढोलकीही गेली,’ तो म्हणाला. ‘मले वाटलं, आता काहीच नाही राह्यलं. मी रोज पाहो, आज तरी येईल का म्हणून. रात्री उशीवर बोटं वाजवून पाहो. ते ऐकू ये. मग वाटे, मंग गाण्यातली काहून नाही येत?’

‘मंग बोलला काहून नाही बाबू?’

‘तुम्ही काहून नाही बोलले?’

दोघांचं उत्तर एकच होतं. ते खाटेच्या कडेला बसले. कलाबाई आतून ओरडली, ‘अजी, बैलाच्या मूर्ती आणाच्या आहे उद्याच्या, का बसूनच राहता भट्टीपाशी?’ ‘अजून लावा,’ गौतम म्हणाला. त्यांनी तेच गाणं पुन्हा लावलं. खिडकीबाहेर कुणीतरी सजवायला नेत असलेल्या बैलाच्या घुंगरांचा बारीक आवाज येत होता; तो यशवंतरावांना आला, गौतमला आला नाही, आणि यशवंतरावांनी ते त्याला सांगितलं. ‘बैल जाऊन राहिला,’ ते म्हणाले. ‘घुंगरं आहे.’ ‘हो का?’ गौतम म्हणाला. त्या दिवसापासून त्यांनी तेवढं काम धरलं. पाखरू बोललं की सांगायचे. कुकर झाला की सांगायचे. लोधीखेड्याहून विजया मुलीला घेऊन आली, मुलगी रडली, तर तेही त्यांनी सांगितलं, ‘रडून राहिली भाची तुही, लई बारीक रडते.’ विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चालू होतं, ते संध्याकाळी जाऊन ऐकून यायचे आणि घरी येऊन जाड आवाजात पोराला सांगायचे, जेवढं ध्यानात राहिलं तेवढं. दुपारी मशीन लागायची. एकच सीडी. दसऱ्याला वस्तीतली माणसं निळे झेंडे लावून नागपूरला गेली, तेव्हा त्याला बसवत नव्हतं. डबे खाटेजवळ ओढून घेतले आणि तो पाटीवर हात ठेवून पडून ऐकत राहिला. मग हात ठेवणंही राहिलं.

गौतम यशवंत सोमकुवर आश्विन पौर्णिमा होऊन गेल्यावर, शुक्रवार, अठरा ऑक्टोबर दोन हजार चोवीस रोजी सकाळी, सौंसर येथे राहत्या घरी वारला.